थंडी न पडल्याचा पंचनामा

परभणीकरांना आपल्या जिल्ह्याविषयी अभिमान मिरवण्याचे प्रसंग फार येत नाहीत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना हसत हसत ऐकवतो; तिच्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते. मात्र दर हिवाळ्यात दोनचार दिवस असे येत की, राज्यातील वृत्तपत्रांना परभणीचे नाव ठळक अक्षरांत छापणे भाग पडे. महाबळेश्वरपेक्षा परभणी थंड, अशी ती बातमी असे. जानेवारी २००३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता. समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटर उंचीवरच्या, डोंगर ना दरी अशा सपाट मुलखात ही थंडी येते कोठून, असा प्रश्न इतिहासाचा शिक्षक असूनही मला विद्यार्थी दरवर्षी विचारीत. उत्तर सोपे आहे. आपली काळी जमीन मोकळी आहे, हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सारी ऊब आकाशाला देऊन टाकते; ती अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते. उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की, उरलेले काम ते करतात.

यंदा, म्हणजे २०२३-२४ च्या हिवाळ्यात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारण्यासारखी थंडीच पडली नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात अवकाळी पाऊस झाला. डिसेंबरच्या आरंभी बंगालच्या उपसागरात ‘मिचाँग’ चक्रीवादळ उठले आणि ५ डिसेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले. आपल्याकडे मात्र ढगाळ हवा मागे राहिली. पुढे जानेवारीत काही पहाटा बऱ्यापैकी गारठल्या, नाही असे नाही. पण प्रार्थनेच्या मैदानावर दातावर दात आपटत उभी राहणारी मुले, कडुलिंबाखाली पेटलेली शेकोटी, आंघोळीच्या पाण्यासाठी चुलवणापाशी लागलेली रांग, हे दृश्य यंदा चार दिवसही टिकले नाही. संक्रांतीच्या सुमारास दुपारी वर्गात पंखा लावावा लागला.

मी एम. ए. इतिहासात केले आहे, हवामानशास्त्रात नव्हे. त्यामुळे एका हिवाळ्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. एका ताम्रपटावरून राजवंश सिद्ध होत नाही. यंदा प्रशांत महासागरात एल निनो सक्रिय होता, हेही विसरता येत नाही. तथापि लेख एकच नसून त्यांची मालिका सापडू लागली, तर इतिहासकाराला ती वाचावीच लागते. देशाच्या हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण डिसेंबर २०२२ चा ठरला. त्यामागोमाग २०२३ चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याच वर्षीचा ऑगस्ट याच नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला, देशाच्या सरासरीहून ३६ टक्के कमी पावसाचा. आणि २०२३ हे अख्खे वर्ष पृथ्वीवर मोजमाप सुरू झाल्यापासूनचे, तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष असल्याचे जागतिक हवामान संघटनेने जानेवारीत जाहीर केले. औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापेक्षा सुमारे १.४५ अंशांनी अधिक. हे चार लेख एकाच हस्ताक्षरातले आहेत, असे म्हणायला वेधशाळेतली पदवी लागत नाही.

तरीही या विषयावर लिहिताना एक अडचण पुढे येते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या वसतिगृहातील मुलांपैकी अनेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, कोयते बांधून ते पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले सहा महिने त्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी. पहाटे तीन-चारला, दव पडलेल्या फडात, ओल्या पाचटात हात घालून त्यांचा दिवस सुरू होतो. आठवीतल्या एका मुलाला मी म्हणालो, ‘बघ, यंदा थंडीच नाही.’ तो म्हणाला, ‘बरंच झालं की सर. आई फोनवर सांगती, औंदा कोपीत निजायला तरास नाही.’

त्याला मी काय उत्तर देणार? ज्याच्या घराला भिंत आहे त्याने थंडीचे गोडवे गावेत, हुरड्याच्या पार्ट्या कराव्यात, शाली काढाव्यात. ज्याच्या अंगावर एकच गोधडी आहे, त्याला उबदार हिवाळा म्हणजे दिलासाच. हवामानबदलाविषयी शहरांतून लिहिले जाणारे पुष्कळ लेख मी वाचतो. त्यांत हरवलेल्या गुलाबी थंडीची हुरहूर असते. ती हुरहूर माझी नाही. थंडी ही आमच्या वस्तीत कधी गुलाबी नव्हती.

विनयपिटकातील महावग्गात चीवरांसंबंधी एक प्रसंग आहे. तथागत वैशालीच्या वाटेवर होते. भिक्खू वस्त्रांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर घेऊन येताना त्यांना दिसले. वस्त्रांना मर्यादा हवी, असे त्यांच्या मनात आले. पण मर्यादा किती असावी, हे त्यांनी आसनावर बसून ठरवले नाही. वैशालीत गोतमक चैत्यापाशी, ऐन हिवाळ्यातल्या हिम पडणाऱ्या रात्री, ते उघड्यावर एक वस्त्र पांघरून बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दुसरे वस्त्र घेतले. मधला सरल्यावर तिसरे. पहाटेच्या सुमारास चौथे. मग नाजूक प्रकृतीच्या आणि थंडीला भिणाऱ्या माणसाचेही एवढ्यावर भागेल, असा विचार करून त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली. त्यांतील संघाटी दुहेरी. नियम करण्यापूर्वी नियमकर्त्याने थंडी स्वतःच्या अंगावर मोजली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते, त्याच्यावरून माप घ्यायचे, हे त्यातले मर्म आहे. आजचे नियम कोणाच्या अंगावरून माप घेऊन बनतात, हा माझा प्रश्न आहे.

कारण कोपीतल्या त्या माउलीचा दिलासा फसवा आहे. रात्री तिला मिळालेली ऊब दिवसा तिच्याच घरातून वसूल होते. आपली रब्बी थंडीवर पोसते. ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढते, हरभऱ्याचेही तसेच. गव्हाला तर दाणा भरण्याच्या काळात रात्री गार लागतात. ऊन लवकर तापले की ओंबी वेळेआधी पिकते आणि दाणा बारीक राहतो. ढगाळ हवेत ज्वारीवर मावा येतो, पानांवर चिकटा दिसू लागतो. हरभऱ्यावर घाटेअळी चढते. तुरीचा फुलोरा गळतो. उभ्या कपाशीवर अवकाळी पाऊस पडला की, फुटलेल्या बोंडातला कापूस भिजून त्याची कवडी होते आणि वेचणाऱ्या बाईचा दिवसभराचा भार निम्म्यावर येतो. तिला मजुरी किलोवर मिळते.

यातले शेतकऱ्याचे नुकसान निदान बोलले जाते. मजुराचे बोललेच जात नाही. पीक लवकर आणि विरळ आले की काढणी लवकर उरकते. वीस दिवसांचे काम बारा दिवसांत संपते. मळणीनंतर शेतकऱ्याच्या घरातून येणारे पायलीभर धान्य येत नाही. कडबा कमी, म्हणून शेळी विकली जाते. शेळी विकली, म्हणजे मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी राखलेली ठेव गेली. मार्चमध्ये एखादी मुलगी सुटीवर गेली आणि परत आली नाही, तर हजेरीपटात आम्ही ‘सतत गैरहजर’ असे लिहितो. हवामान हा शब्द त्या पटावर कोठेच येत नाही.

पंचनाम्यातही येत नाही. केंद्र सरकारच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ज्या नैसर्गिक आपत्ती मोजल्या आहेत, त्यांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, ढगफुटी, किडीचा हल्ला यांच्याबरोबरच दंव आणि थंडीची लाट यांनाही जागा आहे. थंडी जास्त पडली तर ती आपत्ती. न पडली तर काही नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येऊन गारपिटीचा पंचनामा करू शकतात. पण पुरेशी गार न पडलेल्या चाळीस रात्रींचा पंचनामा करायला ते कशाचे छायाचित्र काढणार? पीकविम्यात सरासरी उत्पन्न घटल्यास भरपाईची सोय आहे आणि २०२३ च्या खरिपापासून काही काळ महाराष्ट्रात एका रुपयात विमा मिळत होता, हे खरे. मात्र ती घट अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरीने मोजली जाते, आणि विम्याच्या दारात शिरायला सातबारा लागतो.

सातबारा म्हटले की आमच्या समाजाच्या इतिहासातील एक पान उघडावेच लागते. १९६४ च्या डिसेंबरात, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. माणसे लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेली. मराठवाड्यात त्याच्याही आधीपासून गायरान जमिनी कसण्यासाठी झगडा चालू होता. त्यातून जी जमीन पदरात पडली ती कशी? गावाने गुरांसाठी सोडलेली माळाची, मुरमाड, विहीर नसलेली, कालव्यापासून दूरची. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. परंतु तीन दशके उलटून गेली तरी अनेक कुटुंबांची नावे उताऱ्यावर चढलेली नाहीत. कसतात ते, उतारा सरकारचा. अशा जमिनीत ओल धरून ठेवण्याची ताकद सर्वांत कमी. म्हणून हवामान बिघडले की ती सर्वांत आधी बोलते. आणि भरपाईच्या यादीत तिचे नाव सर्वांत शेवटी, बहुधा नाहीच. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा बागायतदार आणि जिंतूरच्या माळावरचा गायरानधारक एकाच आकाशाखाली राहतात, हे बोलायला ठीक आहे. एकाच हवामानात मात्र ते राहत नाहीत.

माझ्या पिढीच्या कानांवर १९७२ चा दुष्काळ आईच्या तोंडून आलेला आहे. ती खडी फोडायला जात असे. मला झाडाखाली झोळीत टाकलेले असे. मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आणि सुकडी, एवढे अन्न. तिच्या बोलण्यात त्या वर्षाविषयी दुःख होते, पण एक विचित्र समाधानही होते. कामाला येणाऱ्याला काम द्यावे लागे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्याच अनुभवाची पार्श्वभूमी लाभली. त्या दुष्काळाला चेहरा होता. कोरडी विहीर दिसत होती, हाडे निघालेली गुरे दिसत होती, आणि दिसत होती म्हणून राज्याला हालावे लागले. आताचे संकट अंशाच्या दशांशांत येते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. पाऊण अंशाहूनही कमी! एवढ्याशा आकड्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

या वाढीत आपला वाटा किती, हाही हिशेब करावा. दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन भारतात वर्षाला सुमारे दोन टन आहे. अमेरिकेत ते याच्या सातपट. या दोन टनांतही मुंबई-पुण्याचा माणूस आणि पालम तालुक्यातील शेतमजूर यांची सरासरी काढलेली आहे. म्हणून ‘पृथ्वी आपणा सर्वांची, दोष आपणा सर्वांचा’ हे वाक्य भाषणात ऐकले की मला ते गावकुसाबाहेर राहिलेल्यांकडून गावकीची वर्गणी वसूल करण्यासारखे वाटते. अर्थात केवळ दोष वाटून मोकळे होता येत नाही. गुंता आपल्या अंगणातही आहे. सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर खडका येथे बंधारा आहे. त्यातले पाणी शेजारच्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी नसल्यामुळे ते केंद्र बंद करावे लागले होते. कोळसा जाळून हवा तापते, हवा तापून पावसाचे वेळापत्रक बिघडते, आणि पाणी नाही म्हणून कोळसाही जाळता येत नाही. कार्यकारणभाव शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण मला सापडलेले नाही. परळीची वीज बंद पडावी, असे मी म्हणत नाही; त्या विजेवर आमच्या वसतिगृहाचे दिवे लागतात आणि तेथील कामगारांची घरे चालतात. पण कोणती वीज, कोणाच्या पाण्यावर, किती वर्षे, हे ठरवणाऱ्या बैठकीत गोदाकाठचा भूमिहीन कोठे बसतो, हे विचारायला हवे.

बाबासाहेबांचा पाण्याशी संबंध म्हटले की आपण २० मार्च १९२७ च्या महाडपाशी थांबतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा हक्काचा प्रश्न होता आणि तो आजही संपलेला नाही. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी दामोदर, महानदी या नद्यांच्या नियोजनाचे काम पाहिले. मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगाची उभारणी त्यांच्याच कारकिर्दीतली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओडिशाच्या पुरांविषयी बोलताना, पाणी फार झाले म्हणून ते समुद्रात घालवण्याच्या जुन्या विचारावर त्यांनी टीका केली. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पुराला दैवाचा कोप मानले नाही. मोजमाप, नियोजन आणि त्या नियोजनाचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत, अशी ती दृष्टी होती. आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, ‘सर, आपल्यापुढे अत्याचाराचे, आरक्षणाचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न असताना हे थंडीचे काय घेऊन बसलात?’ त्यांचा त्रागा मी समजू शकतो. परंतु जमिनीचा, मजुरीचा आणि मुलीच्या शाळेचा प्रश्न हा आपला प्रश्न असेल, तर त्या तिन्हींना पोखरणारी गोष्ट दुसऱ्या कोणाची कशी होईल?

आमच्या शाळेत यंदा जानेवारीपासून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. मुलींच्या वसतिगृहामागे सावलीत एक तापमापक टांगला आहे. नववीच्या मुली आळीपाळीने पहाटे सहाला आणि दुपारी अडीचला आकडा पाहून वहीत लिहितात. त्याच वहीत ‘घरची खबर’ असा एक रकाना आहे. फोनवर आईवडिलांनी जे सांगितले ते तेथे एका ओळीत येते: गव्हाची काढणी कधी, वेचणीला किती दिवस काम मिळाले, फडात ऊस किती शिल्लक आहे, टोळी परत कधी निघणार. विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, आमच्या तापमापकाचा आकडा विद्यापीठाच्या वेधशाळेशी जुळणार नाही. भिंत जवळ आहे, इमारतीची ऊब लागते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण वेधशाळेच्या वहीत ‘घरची खबर’ हा रकाना नाही.

त्या वहीला भूतकाळ मात्र नाही, आणि तो या स्मरणिकेच्या वाचकांकडे आहे. या शाळेतून शिकून गेलेले कित्येक जण आज शेती करतात, कोणी तलाठी आहेत, कोणी कृषी सहायक, कोणी रोजगार सेवक. तुमच्या घरी वडिलांची जमाखर्चाची वही असेल, मजुरीची चिठ्ठी असेल, ज्वारी कधी काढली याची भिंतीवर कोळशाने केलेली नोंद असेल. आजीला कोणत्या साली कापूस भिजला हे तोंडपाठ असेल. तारीख, गाव आणि मिळालेल्या कामाचे दिवस, एवढे एका पोस्टकार्डावर लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवा. गायरान कसणाऱ्यांनी आपल्या जमिनीचा गट क्रमांक आणि कसायला सुरुवात केल्याचे सालही लिहावे. उतारा नावावर नसला तरी लिहावे. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. परवा वहीत दुपारचा आकडा चौतीस आला होता, आणि घरच्या खबरेच्या रकान्यात एका मुलीने लिहिले होते: ‘ऊस संपत आला. आई पंधरा दिवस आधीच येणार.’ तिच्या अक्षरात आनंद होता. उचल फिटली आहे का, हे तिला अद्याप कोणी सांगितलेले नाही.